मोहाखालची जागा

बा, तुझी सून, माझी बायको, मोहाखाली गेली. मागच्या चैत्रातली गोष्ट. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की हे तुला कळवायला हवं असं घरात कोणाला वाटलं नाही, पण मला रोज वाटतं. पहाटे टोपली घेऊन ती चार बायांसोबत फुलं वेचायला निघाली, दरवर्षीच्याच झाडाखाली बसली, आणि मागून वाघ आला. बायांनी आरडाओरड केली म्हणून त्यानं तिला ओढून नेलं नाही, तिथंच सोडलं. फॉरेस्टचा एक माणूस नंतर अंगणात बसून समजावत होता, "बुढी वाकून होती ना, वाकलेला माणूस वाघाले जनावर वाटते. उभ्यावर तो सहसा येत नाही." त्यानं चांगल्या मनानं सांगितलं असेल. पण तेव्हापासून मला कोणी वाकलेलं पाहवत नाही. पोराची बायको अंगण झाडायला वाकली तरी मी उगाच तिला हाक मारतो. ती झाडू घेऊन सरळ होते, "काय जी मामाजी?" म्हणते, आणि मी पाणी मागतो.

आपलं घर अजून तिथंच आहे, आंबागडाच्या पायथ्याशी, दार जंगलाकडं. तू दार तिकडं ठेवलंस तेव्हा चांगलं वाटायचं. ती गेल्यावर मी त्या दाराकडं पाठ करून बसायला लागलो. पाठ केली की मागून काही येतं आहे असं वाटे, आणि तोंड केलं की समोरून. शेवटी कोपऱ्यात खाट ओढली आणि भिंतीकडं पाहत दिवस काढू लागलो. पोरगा कामावर गेला की त्याची भीती, कुकरची शिटी झाली की तिची भीती, फोन वाजला की आणखी एक. पावसाळा असाच गेला. एक दिवस पोराच्या बायकोनं नातीच्या शाळेतली रंगाची पेटी माझ्या पुढ्यात आणून ठेवली. "तुमचे बाबा नाटकाचे पडदे रंगवत म्हणता ना. मंग तुमीबी रंगवा काही. भिंतीले किती पाहून राहिले? ते काई बोलत नाही तुमच्यासंगं."

मला हसू आलं नाही, पण हात पेटीकडं गेला.

तुझा जंगलाचा पडदा मला आठवतो आहे. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांचे दिवस जवळ आले की गावोगावच्या नाटकवाल्यांचं बोलावणं यायचं. मांजरपाट अंगणात उभं ताणलेलं आहे, चुलीवर रंगात घालायचा सरस शिजतो आहे, त्याच्या वासानं नवी सून नाकाला पदर लावून ढवळते आहे, आणि तू उभ्यानं रंग मारतोस. चार हात मारले की मागं सरत थेट कुंपणापर्यंत जातोस आणि तिथून पाहतोस. मी एकदा तुझ्या झाडीत मोळीवाला काढला होता. मला वाटलं तू खूष होशील. तू ओल्या फडक्यानं तो पुसून टाकलास आणि म्हणालास, "पडद्यात माणूस काढायचा नाही. माणूस समोर येते. त्याच्यासाठी मधात जागा सोडायची." आणि मधली पायवाट तू फिक्कट ठेवलीस, इतकी की दिवसा पडदा अर्धवट राहिला आहे असं वाटावं. रात्री नट तिथं उभा राहिला की मग ते कळायचं. मला सातवीपुढं शिकता आलं नाही, पण हे मी शिकलो होतो आणि विसरलो नव्हतो.

सुरुवात परसातल्या शेवग्यापासून केली. मग छपराच्या कवेलूवर चढलेला भोपळ्याचा वेल. मग थोडं धीर करून बोडीच्या, आपल्या त्या लहान तळ्याच्या, पाळीपर्यंत गेलो आणि पळस काढला, तेव्हा तो नुसता पानांचा होता. एक गोष्ट ध्यानात आली, बा. पान जोवर नीट पाहतो तोवर भीती येत नाही. पान कुठं वळलं, सावली कुठं पडली, यातच जीव गुंततो. रंग सुकला की भीती परत येते, पण आली तरी आधीइतकी मोठी नसते. काढलेल्या झाडाचं मला पुन्हा भय वाटलं नाही. असं करत करत मी बांधावरचं येनाचं झाड काढलं, नाल्याकाठचा अर्जुन काढला. राहिला तो एक मोह. फागुन सरला, फुलं गळायला लागली, बाया पुन्हा जाऊ लागल्या. मला समजलं होतं की ते झाड एकदा समोरून पाहून काढलं नाही, तर हा हंगाम जाईल आणि मी परत भिंतीकडं तोंड करून बसेन. मग त्यातून उठणार नाही.

पोरानं नाही म्हटलं. त्याच्या आईची मैत्रीण, जी त्या दिवशी तिच्यासोबत होती, ती दारात येऊन म्हणाली, "येऊ दे त्याले. आमी सात बाया आहो. आमच्या तोंडापुढं वाघ टिकते काय?" मग मला म्हणाली, "पण भाऊजी, तुमी मधात चालजा. आन डोळे मिटून नोका चालू, गड्ड्यात पडसान."

वाटेभर त्या मोठमोठ्यानं बोलत होत्या. एकीच्या जावयाची खोड, दुसरीची हरवलेली बकरी, सगळं जंगलाला ऐकू जाईल अशा आवाजात. माझी गोष्टही निघाली. "याचं लगन झालं तवा हा बेडकाले भेत होता," मैत्रीण म्हणाली, "तिनंच सांगतलं मले." सगळ्या हसल्या. मीही हसलो असेन, पण फळी छातीशी घट्ट धरून. त्याच मोहाखाली त्यांनी पाचोळा झाडून जाळला. धूर विरला तेव्हा काळ्या जमिनीवर पिवळी फुलं टपटप पडायला लागली होती. मी समोरच्या सागाला दुपट्ट्यानं फळी बांधली आणि तुझ्यासारखा उभा राहून काढू लागलो. बसायची हिंमत नव्हती. खोड काढलं, फांद्या काढल्या, खालची जागा फिक्कट सोडली. आणि मैत्रीण टोपली घेऊन नेमकी तिथं गेली अन् वाकली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. सगळ्या बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या, दोघींनी कुऱ्हाडी उचलल्या. जंगलात काही नव्हतं. मैत्रिणीनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि तिला समजलं. ती जवळ आली. हळूच म्हणाली, "भाऊजी, मोह उभ्यानं वेचता येते काय?"

आणि परत जाऊन तिथंच वाकली. बाकीच्या तिच्या भोवती, पाठीला पाठ लावून बसल्या. मी सगळा वेळ त्यांच्या पाठींकडं पाहत राहिलो, ब्रश हातात तसाच. मग पाहता पाहता हात चालायला लागला. एका वाकलेल्या पाठीची रेघ, खांद्यावरून सरकलेला पदर, जमिनीला टेकलेली टोपली. तू असतास तर फडकं आणलं असतंस. मी पुसलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. कागदाची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर उद्या बोडीचं पाणी काढीन. चित्र पोराच्या बायकोनं भिंतीला लावलं आहे. येणारे विचारतात, ही बाई कोण. मैत्रीण आहे असं मी सांगतो. ती मैत्रीण नाही हे तुला एकट्याला सांगतो आहे. पाठमोरी काढली, कारण तोंड काढायला घेतलं आणि ते चुकलं तर काय करू, याची मला अजून भीती वाटते.