बंद डेटाबेसचे अकरा बॅकअप

२ जून, सोमवार, पोन

सालातिगात पोचलो. हवा गार, खोली स्वच्छ, खिडकीतून मर्बाबूचा डोंगर दिसतो. चहात साखर जास्त होती. सांगितलं, तर घरमालकिणीने कुरकुर न करता दुसरा आणून दिला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी इथल्या रुग्णालयाने मला संगणक सांभाळायला बोलावून घेतलं ते कॉलेजच्या कागदावर नव्हे. तो कागद माझ्याकडे नाहीच. जे येतं ते पुस्तकं पानापानाने वाचून आलं आहे.

माझी बायको विनार्सिह, तिचं माहेर हे गाव. याच रुग्णालयात ती गेली आणि इथेच मातीत आहे. २३ तारखेला, सोमवारी, जावाच्या पाच वारांतल्या वागेला, तिच्या मृत्यूचा हजारावा दिवस. मूल नाही, तेव्हा त्या दिवशीची दुआ आणि जेवण मलाच करायचं आहे. म्हणूनही ही नोकरी घेतली. मन प्रसन्न आहे.

४ जून, बुधवार, क्लिवोन

चार सर्व्हर आणि चौघांचा मिळून एक सामायिक साठा, असा माझा संसार. लायसन्सचा करार आज वाचून संपवला, चौसष्ट पानं. आधी कोणी वाचलेला दिसत नाही, पानं चिकटलेली होती.

नियम सरळ आहे. डेटाबेस या यंत्रांवर चालू असेल तोवर त्याचे बॅकअप सामायिक साठ्यात ठेवायला वेगळं लायसन्स लागत नाही. डेटाबेस बंद झाला की ते बॅकअप नुसत्या फायली ठरतात, आणि फायलींना लागतं. आपला जुना डेटाबेस दोन वर्षांपूर्वी बंद झाला. नव्यात फक्त हयात रुग्ण उचलले. मेलेले मागेच राहिले, अकरा वर्षांच्या अकरा बॅकअपांत. २० तारखेला लायसन्सचा तपासनीस येणार आहे.

माझ्या आधी या कामावर असलेले सुतार्जोसाहेब, सगळ्यांचे पाक सुतार्जो, यांना फोन केला. ते म्हणाले, अहो, त्या बिचाऱ्यांना दुसरीकडे कुठे जागा आहे, पडून राहू द्या की. मी म्हटलं, प्रश्न जागेचा नाही, कलमाचा आहे. ते म्हणाले, कलमं मलाही वाचता येत होती.

नोंदणीच्या खिडकीवर कार्तिनाबाई, सगळ्यांच्या बू कार्तिना, बसतात. हजारावा दिवस मोजायला मृत्यूची नेमकी वेळ लागते, माणूस सूर्यास्तानंतर गेला असेल तर वार पुढचा धरतात, म्हणून रोज कोणी ना कोणी विचारायला येतं. बू म्हणतात, आपल्याकडे जिवंतांपेक्षा मेलेल्यांचंच गिऱ्हाईक जास्त. त्यांचा मुलगा दामार एकोणिसाव्या वर्षी तापाने इथेच गेला. त्याचा फोटो टेबलावर आहे. मिरची चावली की उशीत तोंड खुपसायचा म्हणे. दिवसातून तीनदा सांगतात.

९ जून, सोमवार, क्लिवोन

साफसफाई सुरू केली. साठ्यावर ताण नको म्हणून रोज दुपारी बाराला एकच वर्ष, जुन्यापासून. मध्येच कोणाला दया येऊ नये म्हणून कुलूपही घातलं: काम थांबवायचं तर संचालकांचा सांकेतिक आकडा लागेल. कल्पना माझीच. मूळ कागद गोदामात आहेतच. पहिलं वर्ष बारा वाजून चार सेकंदांनी गेलं.

११ जून, बुधवार, पहिंग

तिसरं वर्ष गेलं. दामारची नोंद त्यातच होती. बूंना आधी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, माझ्या पोराला आठवायला तुमचं यंत्र कशाला हवं? आणि माझ्या ताटात तंपेची, सोयाबीनची, आणखी एक तळलेली वडी टाकली.

१२ जून, गुरुवार, पोन

बूंनी आज फोटो उचलून मला विचारलं, हा देखणा मुलगा कोण हो? कोणीतरी विसरून गेलंय.

थट्टा वाटली. मी म्हटलं, दामार. त्यांनी नाव दोनदा उच्चारून पाहिलं, आणि म्हणाल्या, तुमचा पुतण्या का? हसत होत्या. इतक्या दिवसांत इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

गोदामात गेलो. त्याचा कागद आहे. नावाची जागा कोरी आहे. खाडाखोड नाही, डाग नाही. कोरी.

१३ जून, शुक्रवार, वागे

खिडकीवर आज एकही माणूस आला नाही. संध्याकाळी कब्रस्तानात गेलो. एक बाई फुलं घेऊन उभी होती. कोणाच्या कबरीवर घालायची ते तिला आठवेना. शेवटी वाटेवरच ठेवून गेली.

विनार्सिहची कबर झाडली. तिची नोंद अकराव्या वर्षात असणार, ती त्याच वर्षी गेली. म्हणजे १९ तारीख.

१४ जून, शनिवार, क्लिवोन

वाट सापडली, आणि नियमातच सापडली. जुना डेटाबेस पुन्हा चालू केला की त्याचे बॅकअप परत बॅकअप ठरतात. लायसन्सचा प्रश्नच उरत नाही. संचालकांकडे गेलो. ते म्हणाले, मंगळवारी सही करतो, घाई कसली, कोणी तक्रार केली आहे का?

कोणीही केलेली नाही. कशी करणार.

मंगळवार १७. मला पुरेसं आहे. मधली वर्षं जातील. आजच आकडा मागायला हवा होता, हट्ट धरायला हवा होता. पण माझंच कुलूप मीच सहाव्या दिवशी उघडा म्हणू? आणि मधल्या वर्षांत माझं कोणी नाही.

हे लिहिलं. खोडणार नाही.

१५ जून, रविवार, लेगी

सातवं गेलं. असू द्यावं म्हणून लिहून ठेवतो: विनार्सिह डाव्या हाताने भात वाढायची आणि लोक बघायला लागले की हात बदलायची. माझ्या चुका काढायची, पण चारचौघांत नाही. मला शिकलेला म्हणणारी ती एकटीच.

१६ जून, सोमवार, पहिंग

११.४१. जागा मोजायला म्हणून बॅकअपांची यादी उघडली. माणसं मृत्यूच्या वर्षाखाली नाहीत. प्रथम आली त्या वर्षाखाली आहेत. मी तपासलंच नाही. मी.

ती प्रथम आली ते मनगट मोडलं तेव्हा. ईदला, आईच्या अंगणात पाय घसरून. ते आठवं वर्ष.

आज आठवं.

११.५०. संचालक नमाजाला गेलेत. फोन टेबलावरच वाजतोय. कुलूप आकडा मागतंय—

११.५८. तीनदा चुकीचा. कुलूप माझं आहे, चांगलं केलं आहे—

विनार्सिह विनार्सिह विनार्सिह विनार्सिह वि

१७ जून, मंगळवार

संचालकांनी सही दिली. ती कशासाठी मागितली होती, ते मला सांगता आलं नाही. जुना डेटाबेस कशाला चालू करायचा? कागद परत केला. झोप छान लागली.

२० जून

तपासनीस आला. साठा स्वच्छ. शाबासकी.

२३, सोमवार

घरमालकीण सकाळी म्हणाली, चाळीस माणसांचा भात तुम्हीच सांगितलाय, पाहुणे यायला लागले. मी सांगितलाय? वही उघडली. अक्षर माझं. कोणी एक बाई, डाव्या हाताने वाढणारी. भली असावी.

दुआ म्हणणारे मोदिन विचारतात, कोणासाठी म्हणू. वहीतलं नाव वाचून दाखवलं. पाहुणे एकमेकांकडे पाहतात. कोणी ओळखत नाही, मीही—

बू कार्तिना माझ्या हातात रुमाल देताहेत. म्हणतात, अहो, रडताय कशाला, कोण होती ती तुमची. सांगतो म्हटलं. ती माझी