खिळ्यावरचा बिल्ला

प्रिय आई,

मावशीचा फोन आला होता. वर्षभर तुझं अंग बाहेर येतंय, पिशवी खाली सरकलीय आणि काल तू डॉक्टरीणबाईंच्या दारातून तशीच परत फिरलीस, म्हणालीस, आता या वयात कुठे दाखवत बसू. मावशीवर चिडू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊकच आहे. आधी मी तणतणले, मग मला हसूच आलं. लाजलीस? आणि तू?

अगं, शिलाईच्या कारखान्यातला तुझा पराक्रम मी विसरेन होय! हॉलभर बायका आणि मुकादमाच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेला एकच बिल्ला. तो त्याच्याकडून मागून गळ्यात अडकवल्याशिवाय संडासला जायचं नाही. तो मागायच्या भीतीनं सगळ्या जणी दिवसभर पाण्याला तोंड लावत नसत, आणि घरी आल्यावर लघवीच्या जळजळीनं तू भिंतीला टेकून उभी राहायचीस. मग एक दिवस तुझ्या शेजारची, बटणांची काजं करणारी काजेवाली लघवी दाबून धरून आलेल्या तापानं मशीनवरच कोसळली. तू उठलीस, बिल्ला घेतलास, जाऊन आलीस आणि तो सरळ ब्लाउजमध्ये खोचून कामाला बसलीस. मुकादम मागायला आला तर म्हणालीस, "लघवीला जायला परवानगी कसली मागायची? मिळणार नाही बिल्ला." त्यानं दुसरा करून टांगला, पण त्याला कुणी हात लावेना. बायका आपापल्या उठून जायला लागल्या. तुला मशीनवरून काढून धागे तोडायला बसवलं, तरी तुझा तोरा काही कमी झाला नाही. काजेवाली अजून भेटली की पहिल्यांदा तुझीच चौकशी करते. मला तुझा केवढा अभिमान वाटतो, ते कधी तोंडावर बोलले नाही, म्हणून आज लिहिते.

मी नोकरीला लागले तेव्हा तो बिल्ला तू माझ्या पर्समध्ये टाकलास. अजून तिथेच आहे.

आता खरं सांगते. बाळंतपणानंतर मलाही तेच होतंय. बाळाला उचललं, जरा जोरात खोकले, की खाली ओढल्यासारखं होतं. नवऱ्याला बोलले नाही. दवाखान्याच्या पायऱ्या चढून मीही परत आले, अगदी तुझ्यासारखीच. सोमवारी बाळाला मावशीकडे ठेवू आणि दोघी मिळून डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मी बिल्ला आणते, तो तू गळ्यात घाल आणि आधी तू आत जा. तू पुढे असलीस की मला येता येईल.

तुझ्यावरच गेलेली,
तुझीच लेक