मागच्या खोलीला करंट

११ जानेवारी
साइटवर कंपनीच्या डायऱ्या वाटल्या. एक उरली, ती मला मिळाली. चष्मेवाली इंजिनियर रोज काय काम झालं ते लिहून ठेवते. आता मीही लिहिणार. शाळा मी चौथीत सोडली, पण ते शाळेचं नुकसान.
आजचं काम: ऑफिस झाडलं, चहा केला, दोन सुपरवायझरांना चिखलाच्या बुटांवरून झाडलं.
घरी आले तर पोरगा आणि सूनबाई मागच्या खोलीत दार लोटून कुजबुजत बसलेले. सरळ आत गेले. आपल्याच घरात विचारायचं कोणाला? मग पोरगा म्हणाला, खोलीत फार ओल आहे, बाळ यायच्या आत भाड्याची जागा बघतोय. तिसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, खुशाल जा. मला तेवढीच जागा मोकळी.
रात्री जेवले नाही. दुपारचं जड झालं होतं.

१२ जानेवारी
ओल आहे, हे मात्र खरं. आमची वस्ती आणि आमची साइट एकाच मातीवर. भिजवून ठेवलेल्या पिठासारखी माती. बोट घातलं तर आत जातं, पाणी मात्र बाहेर येत नाही. साइटवर याच मातीवर रस्त्याचा भराव टाकायचाय. पंप लावून झाले, पंप नुसते घरघरतात. चष्मेवाली म्हणाली, मावशी, माती फार बारीक आहे, पाणी धरून ठेवते, पंपाने ओढून येत नाही. म्हणून आता जमिनीत लोखंडी सळया ठोकणार आणि करंट सोडणार. एक रांग प्लसची, एक मायनसची. करंटने पाणी एका बाजूला सरकतं, तिथून उपसायचं. माती घट्ट होते.
मी विचारलं, कुठल्या बाजूला सरकतं? ती सांगत होती, तेवढ्यात दूध उतू गेलं. पुढचं ऐकायची तशी गरज नव्हती. मुद्दा कळला होता.
नवऱ्याचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान आमच्या पुढच्या खोलीतच आहे. म्हणजे चार्जर घरात, सळया भंगारात आणि डोकं माझं. आणखी काय लागतं?
ठरवलं: महिन्याभरात खोली कोरडी करायची. मग बघू कोण कुठल्या मजल्यावर जातं.

१४ जानेवारी
नवऱ्याकडे जुना चार्जर मागितला. कशाला म्हणाला. सांगितलं. बराच वेळ बॅटरीत पाणी ओतत बसला. मग म्हणाला, प्लस-मायनस कुणाला तरी विचारून घे. एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने एका वाक्यापुढे दुसरं वाक्य कधी ठेवलं नाही.
या करंटने माणूस मरत नाही ना, ते विचारून घेतलं. नाही म्हणाला. तेवढं मी विचारते.
प्लस-मायनस काय विचारायचं? प्लस म्हणजे जमा, मायनस म्हणजे वजा. पाणी जमा व्हायला हवं बाहेर. म्हणून प्लस बाहेर परसात, मायनस आत खोलीत. चौथीचं गणित आहे हे.

१५ जानेवारी
सकाळी पलंगाखालच्या फरशा उचलल्या, सळया ठोकल्या. सूनबाई पलंगावर झोपलेली. म्हटलं तू झोप, माझं खालून चाललंय. उठून बसली. आजकालच्या मुलींची झोप हलकी.
दुपारी करंट सुरू. वायर दारातून नेल्यामुळे दार पूर्ण लोटायचं नाही, असं दोघांना सांगून ठेवलं.

१८ जानेवारी
साइटवर दर तासाला मीटर बघतात. मीही कामावरून आले की दर तासाला बघते. काम करायचं तर शिस्तीत. सूनबाई कपडे बदलत होती, म्हणाली आई, जरा थांबा. मी म्हटलं, मी सळयांकडे बघतेय, तुझ्याकडे कोण बघतंय?
चार्जर गुंगुं करतो. पोरगा म्हणाला, झोप लागत नाही. बाळ आलं की तशीही लागणार नाही. सवय होतेय, बरंच आहे.

२३ जानेवारी
पाणी दिसलं!
पलंगाच्या पायाशी चांगलं थारोळं. उपाय लागू पडला. इतकी वर्षं जमिनीत दडून बसलेलं पाणी आठवड्यात वर आलं. पोराला हाक मारून दाखवलं. तो पाण्याकडे बघत राहिला. भारावलाच तो.

२६ जानेवारी
थारोळं वाढलं. त्यांची सुटकेस खालून भिजली. सुटकेस जमिनीवर ठेवायची नसते, हे मी आधीपासून सांगत आलेय. (सांगितलं नसेल तर मनात होतं.)
विहीणबाई लेकीला भेटायला आल्या. पलंगावरून पाय खाली सोडला तो थेट पाण्यात. मला म्हणाल्या, विहीणबाई, तुमच्याकडे खोलीतच विहीर आहे, बाहेर जायला नको. मी म्हटलं, प्रयोग चालू आहे, सगळ्यांना कळेलच असं नाही.
संध्याकाळी पोरगा तिसऱ्या मजल्यावरची जागा बघून आला. कशी आहे, ते मी विचारलं नाही. आपण होऊन सांगेल म्हणून त्याच्या खोलीत दोनदा जाऊन बसले, तरी विचारलं नाही.

२७ जानेवारी
चष्मेवालीला सहज विचारलं. म्हटलं, माझ्या ओळखीची एक बाई आहे, तिने प्लस बाहेर लावला आणि मायनस घरात, तर काय होईल? तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, पाणी मायनसकडे जातं मावशी. परसातलं सगळं पाणी घरात येईल. मग म्हणाली, ती बाई बरी आहे ना?
मी म्हटलं, ठणठणीत आहे.
आणखीही काहीतरी सांगत होती. पाणी गेलं की माती बसते म्हणे. बसू दे, उभी राहून तरी काय करणार? मला चार्जरच्या क्लिपा बदलायची घाई होती. सुपरवायझरला सांगितलं, पोट बिघडलंय, आणि घरी आले.
माझं चुकलं असं नाही. आधी सगळं पाणी एका जागी आणणं भागच होतं.

२८ जानेवारी
लाल, म्हणजे प्लसच्या, क्लिपा आत, काळ्या बाहेर. परसात साइटसारखाच भोकं पाडलेला पाइप गाडला. मी बाहेर काम करत असताना नवरा दारात उभा राहून बघत होता. कौतुक करायची त्याची पद्धत आहे ती.

४ फेब्रुवारी
पाइपात पाणी आलं. मगभर! गढूळ, पण आपलं. तो मग तसाच घेऊन मागच्या खोलीत गेले दाखवायला. पोरगा पांघरुणातून म्हणाला, आई, सहा वाजलेत. मी म्हटलं, पाण्याला सुट्टी नसते.
सूनबाईने डोक्यावरून पांघरूण घेतलं. थंडी असते सकाळची.
ठरवलं: आजपासून चिडायचं नाही. बाळंतीण व्हायची आहे ती.

५ फेब्रुवारी
चिडले. पण कारण होतं. माझ्या सळईला तिने ओली ओढणी अडकवली होती.

१२ फेब्रुवारी
फरशी कोरडी. भिंतीवर मिठासारखी पांढरी खार आलीय, ती मी झाडूने काढते. ओल मीटरला कळत नाही, अंगाला कळते. म्हणून दुपारी त्यांच्या पलंगाशेजारी चटई टाकून झोपून पाहिलं. चांगली झोप लागली. कंबर दुखली नाही. उठले तर दोघं बाहेर फिरायला गेलेले. कधी नाही ते फिरायला गेले. खोली कोरडी झाल्यावर माणसाला कसा हुरूप येतो बघा.
भाड्याच्या जागेचं नाव कोणी काढत नाही. जिंकले मी. बोलून दाखवणार नाही.

१३ फेब्रुवारी
बोलून दाखवलं. दोघं जेवता जेवता थांबले. नवऱ्याने पाणी मागितलं.

१७ फेब्रुवारी
खोलीच्या कोपऱ्यात वरून खाली चीर गेलीय. बोट जाईल एवढी. तिच्यातून परसातला उजेड आत येतो. याचा अर्थ माती आवळली, चांगलंच लक्षण आहे.
चौकट थोडी तिरकी झालीय, त्यामुळे दार लागत नाही. वीतभर उघडंच राहतं. हवा खेळती राहते. लहान बाळाच्या खोलीत हवा खेळती हवीच.
सूनबाईने दाराला आतून खुर्ची लावलीय. ढकलून आत जावं लागतं. वायर खुर्चीखाली चेमटेल, हे दोनदा सांगितलं.

१९ फेब्रुवारी
चष्मेवालीला घरी घेऊन आले. तिने काम बघावं, एवढाच हेतू. आधी तिने भिंतीवरून हात फिरवला, मग चीर बघितली, मग दार ओढून बघितलं. आणि मग काय केलं तर सरळ चार्जर बंद केला. म्हणाली, भिंत पडणार नाही, पण आता एक तासही करंट सोडायचा नाही. पाणी गेलं की माती आक्रसते, खाली बसते. साइटवर आधी माती बसवून घेतात, मग वर बांधतात. मावशी, तुम्ही वर घर असताना खालची माती बसवलीत.
मी म्हटलं, क्रम कुठला का असेना, काम झालं की नाही?
झालं म्हणाली. माती छान घट्ट झालीय. हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सगळ्यांसमोर. चहा घेतला नाही, घाईत होती.
सळया काढल्या. आत ठोकलेल्या प्लसच्या सळया उंदराने कुरतडल्यासारख्या खाल्लेल्या. भंगारवालासुद्धा घेणार नाही.

२१ फेब्रुवारी
कामावरून आले तर मागच्या खोलीत खोकी. पुस्तकं भरलेली, बाळाची दुपटी भरलेली. मी सूनबाईचा हात धरला, फरशीवर टेकवला. विचारलं, कोरडी आहे की नाही?
"कोरडीच आहे आई," ती म्हणाली. हात सोडवून घेतला आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.
मग जाताय कशाला?
ती पोराकडे बघायला लागली. पोरगा त्या चिरेकडे. शेवटी तोच बोलला. हळू बोलला, ओरडला असता तर बरं झालं असतं.
"ओलीचं नव्हतं आई. ओलीचं आम्ही सांगायचं म्हणून सांगत होतो. तू सारखी आत येतेस ना, त्याचं होतं."
मी म्हटलं, मी चार्जर बघायला येत होते.
"चार्जर जानेवारीत आला, आई. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली."
मग सूनबाई म्हणाली, दार लागत होतं तोवर निदान तुम्ही यायच्या आधी दाराचा आवाज तरी यायचा.
मी दुपट्यांच्या खोक्याला दोरी बांधली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

२२ फेब्रुवारी
गेली दोघं. टेम्पोत सामान चढवायला मीच पुढे होते, नाहीतर त्यांनी आरसा फोडला असता. सूनबाई पाया पडायला वाकत होती, पोट आलंय एवढं. मी म्हटलं, नको वाकूस, सांभाळ. एवढं एकच वाक्य आज धड बोलले.
या रविवारी या म्हणाली. सकाळी अकरानंतर. येण्याआधी फोन करा म्हणाली.
मला काही वाटलेलं नाही. दिवसभरात मागच्या खोलीत चारदा जाऊन आले, सळया बघायला. सळया तीन दिवसांपूर्वीच काढल्यात.

२४ फेब्रुवारी
सुताराला बोलावून चौकट सरळ करून घेतली. दार तासलं. आता एका बोटाने लागतं. चीर सिमेंटने भरली. पोराला फोन करून सांगितलं की दार लागतं आता. बरं झालं आई, म्हणाला. मग म्हणाला, ठेवू का? मी म्हटलं, ठेव, मलाही कामं आहेत.
खोली अशी झालीय की बघत राहावं. फरशी ठणठणीत, भिंत कोरडी, दार नवं कोरं. अशी खोली या वस्तीत कोणाकडे नाही.

२७ फेब्रुवारी
साइटवरून आले तर नवऱ्याने सगळ्या बॅटऱ्या मागच्या खोलीत हलवलेल्या. मला विचारलं नाही. म्हणाला, बॅटऱ्यांना कोरडी जागा लागते, वर खिडकी आहे, वारा येतो. दोन वाक्यं झाली ही.
सुतार दुपारी परत येऊन गेला म्हणे. कशाला, ते सांगितलं नाही.
संध्याकाळी चहा घेऊन गेले. दार लोटलं, उघडेना. बघते तर आतून कडी. नवी. आतून म्हणाला, दाराशी ठेव.
खांद्याने धक्का देऊन पाहिला. चौकट तसूभर हलली नाही. माती एकदम पक्की बसलीय.