अंकुराचं बटण

१२ एप्रिल १९९९
जालन्याच्या बियाणं-लॅबमधून फोन. रोपं मोजायचा जो संगणक-प्रोग्राम मी त्यांना लिहून दिला, त्यातल्या माझ्या बटणात खोट आहे म्हणे! आयतं राखाडी बटण मी घेतलं नाही, स्वतः घडवलं. अंकुरलेलं एक रोप उचललं की एकदा दाबायचं – आकडा एकाने वाढतो. हिरवा रंग, माउसने दाबलं की पडद्यावर दोन ठिपके खाली जातं. माझ्यासारख्या टायपिंग क्लासवाल्याने पुस्तकं वाचून व्हिज्युअल बेसिकमध्ये प्रोग्राम लिहावा, हे डिग्रीवाल्यांना पचत नाही.

१३ एप्रिल
भोकरदनहून सातची बस. सगुणाबाई वीस वर्षं लॅबमध्ये रोपं मोजतात. शंभर बियांतली त्यांनी मोजली तर पडद्यावर सेहेचाळीस. तीच रोपं नव्या बाईने मोजली तर ब्याण्णव. सगुणाबाई म्हणाल्या, नुसतं बघूनच कळतंय, नव्वदच्या वर हायेत.

त्यांना संगणकापुढे बसवलं, मागे उभा राहिलो. म्हटलं, सावकाश, एक-एक. वीसदा दाबलं, आकडा वीस. बटण निर्दोष! लॅबप्रमुख सुहासिनी मॅडमनी विचारलं, मग चुकतं कुठे? मी म्हणालो, "बाईंचं वय पाहा."

१४ एप्रिल
मॅडमनी सगुणाबाईंना मोजणीवरून काढून पॅकिंगला पाठवलं.

१५ एप्रिल
सेहेचाळीस आणि ब्याण्णव. आधीच्या लॉटचे आकडे फोनवर मागवले – बेचाळीस आणि चौऱ्याऐंशी. वयाने चूक झाली तर कधी तीन कमी, कधी पाच. दोन्हीदा नेमकं निम्मं? चूक एवढी काटेकोर नसते.

१७ एप्रिल
पुन्हा जालना. आधी पॅकिंगमध्ये गेलो. सगुणाबाई पुड्या खोक्यात टाकत होत्या – दोन, दोन, दोन. एका हातात जोडी, अन् काय वेग! विचारलं, रोपंही अशीच मोजता?

"जोडीनंच. समदं आयुष्य तसंच मोजलं."

म्हणजे बटणही टक-टक, टक-टक! मग त्या दिवशी सावकाश का दाबलंत?

"तुम्ही मागं उभे व्हते, मास्तर. हळू म्हणले, हळू दाबलं. तुम्ही गेल्यावर मंग माझ्या चालीनं."

धावत संगणकापाशी. टक-टक. आकडा एकानेच वाढला! लागोपाठची दुसरी टिचकी विंडोज वेगळी धरतं – डबल क्लिक. माझ्या बटणात तिची सोयच केली नव्हती, ती वाया जात होती. तीन ओळींचं काम. दोनशे वेळा तपासलं होतं मी – दोनशे वेळा सावकाश. टायपिंगला मुलांना वेग शिकवतो, आणि स्वतःचं बटण असं तपासलं!

मॅडमना लगेच सांगता आलं असतं. सांगितलं नाही. सरळ स्टँडवर आलो.

१८ एप्रिल
रविवार. जेवण गोड लागलं नाही.

१९ एप्रिल
पहिल्या बसने गेलो. सगुणाबाईंना बोलावून घ्यायला लावलं. त्यांच्यासमोर मॅडमना सांगितलं – खोट बटणात होती, आणि ठपका मी बाईंवर ठेवला. मॅडम म्हणाल्या, मोजणीला उद्यापासून सगुणाबाईच. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हंजी वय बटनाचंच बघाया पायजे व्हतं."

हसलो. बऱ्याच दिवसांनी.

२० एप्रिल
बटणात त्या तीन ओळी घातल्या. मग नव्या लॉटची पहिली मोजणी. सगुणाबाई, टक-टक, टक-टक: चौऱ्याण्णव. मी खात्रीसाठी हाताने मोजली: त्र्याण्णव. बाईंनी खुर्ची सरकवून दिली. बसून पुन्हा मोजली, जोडीने. चौऱ्याण्णव.