मान धरेपर्यंत

२ तारीख, सोमवार

सामान लागलं एकदाचं. नवऱ्याची बदली झाली तेव्हा मी आठवडाभर तोंड पाडून बसले होते, पण हे घर बघितलं आणि निम्मा राग उतरला. स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी खोली आहे, भरपूर उजेडाची. घरमालक म्हणाले, अडगळीला होईल. अडगळ पलंगाखाली गेली, खोली मी घेतली. आजवर माझ्या बाहुल्या जेवणाच्या टेबलावर जन्मल्या आणि ताटं मांडायची वेळ झाली की अर्धवट अंगाने उचलल्या गेल्या. आता मण्यांच्या डब्या फळीवर, कापडं कपाटात, सुया जागच्या जागी. नवरा दारातून डोकावून म्हणाला, मॅडमचं ऑफिस आमच्यापेक्षा भारी आहे.

लेक दिवसभर खिडकीत बसून पाय हलवत होती. सहा वर्षांची आहे, गुबगुबीत, म्हणून आम्ही तिला ढबू म्हणतो. इथे तिला अजून मैत्रीण नाही. तेव्हा तिने माझ्याकडेच एक मागितली. गाल तिच्यासारखे हवेत आणि गळ्यात मणी हवेतच, असं बजावून गेली.

४ तारीख, बुधवार

खोलीच्या खिडकीला आधीच्या भाडेकरूंचा एक पडदा राहिला होता. अंगाच्या रंगाचा, इतका मऊ की हात शिवशिवले. त्यातून हातभर बाहुली बेतली, शिवली, उलटवली. कुशीत नेहमीप्रमाणे तीन बोटं फट ठेवली, कापूस भरायला. माझा एक नियम आहे, मान ताठ झाल्याशिवाय ती फट शिवायची नाही. घाईत बंद केलेल्या बाहुल्यांच्या माना पडतात आणि मग त्या जन्मभर कुणाची तरी माफी मागत असल्यासारख्या दिसतात.

डोळे-ओठ आधीच रंगीत दोऱ्याने भरून घेतले. लाल काचेच्या मण्यांची माळ तिच्या गळ्यात, उरलेल्या मण्यांचं कडं ढबूच्या हातात. ढबूने ते शाळेतल्या बाईंना दाखवलं.

७ तारीख, शनिवार

अख्खी पिशवी कापूस संपला आणि मान लटपटतेच आहे. एवढ्यात एरवी तीन बाहुल्या होतात. काडीने दाबून दाबून अंगठ्याला घट्टा पडला. भरताना गच्च वाटतं, चहा करून येते तोवर पोट पुन्हा आत. कापूस बसतो हे मलाही कळतं, पण बसून बसून किती बसेल?

त्यात ढबू येऊन विचारते, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का. मी म्हटलं नको. तर म्हणे, नको काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का. मागून नवराही सामील. दोघांना बाहेर काढलं आणि मग एकटीच हसले.

१० तारीख, मंगळवार

दुसरी पिशवी संपली. जुनी उशी फोडली, तीही गेली. नवरा म्हणाला, आता गादी तेवढी वाचव. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं हे करतेय, आणि एका चिंधीपुढे हात टेकायची वेळ आली. शिवण तपासली, कुठे भोक नाही. मग जातं कुठे सगळं?

शाळेच्या बाईंनी निरोप दिला की ढबू बाकावर डोकं ठेवून बसते. नवी जागा, नवं पाणी, होतं असं. चिडून ठरवलंय, दोन दिवस बाहुलीला हातच लावायचा नाही.

१३ तारीख, शुक्रवार

दोन दिवस घर कसं शांत होतं. ढबू पोटभर जेवली, जिना धावत चढली. आज मात्र मी पुन्हा बसलेच. एकदा हट्टाला पेटले की मला कुणी आवरू शकत नाही, स्वतः मीसुद्धा.

संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. नातीला बघून म्हणाल्या, छंदातून सवड मिळाली तर पोरीला खायला घालतेस ना? अंगाचा तिळपापड झाला. खाते ती, माझ्याएवढं खाते. फोन ठेवला आणि तो राग काडीवर काढला, पोटात आणखी कापूस कोंबला.

१६ तारीख, सोमवार

अंघोळ घालताना ढबूच्या हातातलं कडं गळून पडलं. दोरा तुटला नाही, गाठही सुटली नाही. तसंच्या तसं निसटलं. दुपारी बाहुलीच्या गळ्यातली माळ तटकन तुटली, मणी घरभर. गुडघे टेकून वेचत बसले.

डॉक्टर म्हणाले वजन बरंच उतरलंय, पण तपासण्या ठीक आहेत. टॉनिक दिलं. नवरा म्हणाला, मुलगी वाळतेय आणि बाहुली भरतेय, तुला दिसत नाही का? मी खेकसले त्याच्यावर. दिवसभर तिच्या मागे ताट घेऊन मी फिरते, हा नाही.

बाहुलीचे गाल मात्र सुरेख वर आलेत. डाव्या गालाला खळीही पडलीय. मी तिथे टाका घातल्याचं आठवत नाही. तरी कौतुक वाटलंच.

१९ तारीख, गुरुवार

मान धरली! शेवटी धरली. चिमूटभर कापूस आत सरकवला आणि मान उभी राहिली, खांबासारखी. लगेच फट शिवली, लपत्या टाक्यांनी. कुणी शिवण शोधून दाखवावी.

गुणगुणतच ढबूला दाखवायला गेले. दुपारची झोपली होती. उठवायला मांडीवर घेतली. हलकी लागली, नुसत्या फ्रॉकसारखी. तिची मान मागे गेली. मी सावरली. पुन्हा गेली.

मी हाका मारत राहिले. डोळे उघडे आहेत तिचे.

२० तारीख, सकाळ

डॉक्टर घरी येऊन गेले. मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. श्वास आहे. बोलत नाही. नवरा गाडी आणायला गेलाय. जाताना म्हणाला, त्या बाहुलीला आग लाव.

फळीवर बसलीय ती. ताठ.

कात्रीने पोट उघडलं. आत काही नाही. पिशव्या, उशी — एक तंतू नाही. नुसतं कापड, आणि तरी मान —

मी हे भरत होते. माझ्या हाताने. माझ्या पोरीला —

तीच सकाळ

गाडी अजून नाही. फ्रॉक बदलायला काढला. ढबूच्या कुशीत, काखेखाली, तीन बोटं फट. रक्त नाही. कडा दुमडलेल्या, सुबक. माझंच काम.

वाकून हाक मारली. आतून माझाच आवाज परत आला.

कापूस घातला. राहत नाही. पडद्याची चिंधी घातली. राहत नाही. मान —

ओठ हलले तिचे. आई म्हणाली. आहे ती, अजून आहे —

कापसाने होणार नाही.

स्वतःची कूस चाचपली. तिथे एक टाका आहे. कधीचा आहे कोण जाणे. दोऱ्याचं टोक नखात येतं. ओढलं. दुखत नाही. मूठभर काढलं, तिच्यात घातलं.

राहिलं. आत राहिलं. गालाला रंग —

आणखी एक मूठ. डावा हात उचलवत नाही आता. असू दे, उजवा आहे. बोटं गार नाहीत तिची. वजन लागतंय मांडीला. छान लागतंय.

अक्षर नीट येत नाही. पेन धरवत —

आणखी थोडं

ढबूने मान उचलली. स्वतःहून. बघतेय माझ्याकडे. बोलतेय. विचारतेय, आई, तुझी मान अशी का