ठणठणीत कमरेचा शोध

आदरणीय तुळसाआत्यास,

भंडाऱ्याच्या होस्टेलातून तुझ्या भाचीचा, दीपमालाचा, मनापासून जय भीम. कंबर सोडली तर मी खुशाल आहे. तुझी, मामांची आणि म्हशीची तब्येत सविस्तर कळव. (फोनवर तू "बरी आहो" म्हणून लगेच ठेवून देतेस, म्हणून हे पत्र.)

दीपमाला लोकांच्या कमरा बऱ्या करायचं शिकते, हे तू अख्ख्या अड्याळला सांगितलं आहेस. आता पुढचं मात्र कुणाला सांगू नकोस. दिवसभर बाकावर बसून मणके शिकायचे आणि रात्री पलंगावर वाकून तेच मणके पाठ करायचे, यात आमच्या फिजिओथेरपीच्या वर्गात सरळ उठणारं कुणी उरलेलं नाही. परवा वरठीची खुशबू तपासणीच्या टेबलावर पालथी झोपली ती उठेचना. "पाहून काहून राहिले, उचला नं मले!" म्हणून ओरडली. अश्वजित वाकला, तो वाकलेलाच राहिला. मग आमच्या सरांनी वजन कसं उचलावं ते शास्त्रशुद्ध करून दाखवलं आणि कट्‌कन आवाज आला. (सर रजेवर आहेत.) मला हसूसुद्धा आलं नाही, मी थक्क झाले. एवढी जाड पुस्तकं लिहिली गेली, पण कंबर कुणाच्या बापाचं ऐकत नाही!

तेव्हा तू आठवलीस. दिवसभर शेतातल्या बांधीच्या चिखलात ओणवी राहून धानाचे पऱ्हे, एकेक रोप करत, रोवतेस आणि संध्याकाळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन घरी येतेस. आत्या, मी मनातल्या मनात तुझ्या पाया पडले.

मामांना जय भीम, लहानांना पापा.

तुझीच,
दीपमाला

ता. क. सोमवारी प्रॅक्टिकल आहे. तपासून दाखवायला प्रत्येकाने ठणठणीत कमरेचा माणूस आणायचा, नाहीतर नापास. होस्टेलात तसा एकही नाही. तू येशील? परीक्षक बाई "कंबर दुखते का?" विचारतील, तू फक्त "नाही" म्हण.

आणखी एक. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात अश्वजित आला. तो तुमच्याच गावचा. पाकिटावरचं तुझं नाव वाचून म्हणाला, "तुही आत्या? अवं, थे तं कमरेले फडकं आवळून रोवणा करते. सांजच्याले उठवत नाही तिले. तुले नाही सांगतलं?"

नाही सांगितलंस, आत्या. गावाला माहीत आणि कमरेचं शिकणाऱ्या भाचीला नाही! मला फार वाईट वाटलं, रागही आला. तरी सोमवारी ये, आणि बाईंनी विचारलं की खरं तेच सांग. मी नापास झाले तर परीक्षा पुन्हा देता येते. तुझी कंबर मात्र त्याच टेबलावर, बाईंना शेजारी उभं करून, मी नीट तपासणार आहे. एसटीत मागच्या सीटवर बसू नकोस, फार आदळतं.