पाणी नसताना वाजलेल्या भोंग्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, केज, जि. बीड.

विषय : पाणीपुरवठा कर्मचारी श्री. बंकट यांचा दोष नसून तो माझा असल्याबाबत.

संदर्भ : त्यांना कामावरून कायमचे कमी करण्याचा ठराव, सोमवार दि. २८/०४/२०२५ रोजीच्या मासिक सभेपुढे.

अर्जदार : सौ. शिवकन्या परमेश्वर ठोंबरे, रा. मौजे सातबाभळी.

महोदय,

अर्ज 'वरील विषयास अनुसरून' असा सुरू करायचा असतो, असे मला सांगण्यात आले. पण विषयाला अनुसरायची हिंमत मला दहा दिवस झाली नाही, हे आधी कबूल करते.

१. मी यंदा फेब्रुवारीत गावात शेवया करून देण्याची मशीन बसवली. मशीन घेण्यात जवळचे सगळे संपले, जाहिरातीला काही उरले नाही. फ्लेक्सचा दर ऐकून केजवरून तशीच परत आले. मोबाईलवर स्टेटस ठेवले, ते माझ्या मावशीने रोज पाहिले. तिचे गाव इथून साठ किलोमीटर.

२. आमच्याकडे नळाला नवव्या दिवशी पाणी येते. ते सोडले की माझे चुलत दीर बंकट ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून "लक्ष द्या, लक्ष द्या, पाणी सुटलंय" असे सांगतात. शेवटी माझ्या शेवयांचेही दोन शब्द सांगा, अशी मी विनंती केली. ते म्हणाले, "उन्हाळा सरेपर्यंत सांगतो वहिनी, शब्द हाय आपला." मोबदला म्हणून त्यांनी कपभर चहासुद्धा घेतला नाही.

३. परंतु पाण्याच्या दिवशी बायका घागरी भरण्यात असतात, शेवया कोणाच्या ध्यानात राहणार? म्हणून कोरड्या दिवशीही सांगा, असा मी हट्ट धरला. "वहिनी, लोक पाण्याला पळतेल," असे ते स्पष्ट म्हणाले होते. मी म्हणाले, पळू द्या, पळाल्यावर ऐकतील तरी. हे वाक्य माझेच आहे, साहेब.

४. दि. ५ एप्रिलपासून आठवडाभरात चार वेळा तसे झाले. "लक्ष द्या" एवढे कानावर पडताच आळी घागरी घेऊन धावे. रुक्मिणीबाईंची तव्यावरची भाकरी दोनदा जळाली. शिव्या भाऊजींना पडल्या आणि गिऱ्हाईक मला मिळाले. मला हसू आले होते, तेही लिहून ठेवते.

५. दि. १३ रोजी खरेच पाणी सुटले. भाऊजी घसा बसेपर्यंत ओरडले. एकही बाई बाहेर आली नाही. "आलं शेवयावालं," म्हणून लोक घरातच बसले. तोट्या नसलेल्या नळांतून दोन तास पाणी नालीत गेले.

६. त्या दिवशी गावात फक्त माझी टाकी भरली. मी जाहिरात सांगितलेली नव्हती, त्यामुळे पाणी खरे आहे हे मला ठाऊक होते. शेजारच्या भिवराबाई एकट्या राहतात, पाय धड नाहीत. त्यांना हाक मारायला हवी होती. मारली असती तर तुला कसे कळले, हे सांगावे लागले असते. मी दार लावून घेतले. पुढचे नऊ दिवस त्या माझ्याकडे तांब्या घेऊन येत होत्या आणि दर वेळी मला आशीर्वाद देत होत्या.

७. दुसऱ्या दिवशी लोकांनी भाऊजींना ग्रामपंचायतीसमोर घेरले. कोणाच्या सांगण्यावरून केले, असे सगळे विचारत होते. मीही त्या गर्दीत होते. जाहिरात माझी असली तरी कोरड्या दिवशी ती भाऊजींनी आपल्या मनानेच सांगितली असे लोकांना वाटावे, आपल्यावर संशय नको, म्हणून सर्वांत मोठ्याने मीच म्हणाले, "भाऊजी, कावून असं केलं? लाज न्हाई वाटली?" त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं, वहिनी." त्यांनी माझे नाव घेतले नाही. अजूनही घेतलेले नाही. मला लाज वाटते साहेब, लई लाज वाटते, कार्यालयीन भाषेत याला दुसरा शब्द असल्यास तो समजावा.

८. तरी त्यांना कामावर परत घ्यावे आणि शिक्षा मला द्यावी. माझी कबुली मला त्याच भोंग्यावरून वाचू द्यावी. फक्त ती पाण्याच्या दिवशी ठेवू नये, लोकांचे पाणी पुन्हा माझ्यापायी जायला नको.

९. शेवटचे. काल, दि. २२ रोजी, पाणी सुटले. भोंग्यावर आता कोणाचा भरवसा नाही आणि भाऊजींना तर कामावर येऊ नका असे सांगितलेले आहे. तरी ते पहाटेपासून दारोदार फिरून कड्या वाजवत होते. भिवराबाईंच्या दोन घागरी त्यांनी स्वतः भरून दिल्या. मग माझ्या दारापुढून पुढच्या घराकडे गेले. मी दाराआड उभी राहून ऐकले. "पाणी सुटलंय, खरंच सुटलंय," असे त्यांनी तिथे सांगितले. आणि बसलेल्या घशाने पुढे म्हणाले, "शेवया करायच्या असतील तर शिवकन्यावहिनीकडं."

उन्हाळा अजून सरलेला नाही.

आपली अपराधी,
सौ. शिवकन्या परमेश्वर ठोंबरे
दि. २३/०४/२०२५

सोबत : भोंग्यावरून वाचावयाची जाहिरात, माझ्या हस्ताक्षरातील मूळ प्रत.